आठवं घर

सदर : मुकी दोस्तमंडळी

दोस्तहो,

या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पत्र वाचलं आणि बाकीचा गठ्ठा तसाच बाजूला ठेवला. सांगलीच्या, आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. ‘नाव छापू नका, आई रागावेल’ असं तिने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणून नाव देत नाही. मजकूर मात्र देते.

‘मावशी, आमच्या गच्चीच्या जिन्याखाली मला पावसात एक मांजर सापडलं. मी त्याला खोकं दिलंय, रोज जेवण देते. पण आई म्हणते, दिवाळीला पाहुणे यायच्या आत त्याची सोय लाव, नाहीतर बाबा त्याला मासळीबाजारात सोडून येतील. आतापर्यंत पाच जण बघायला आले. मांजर कुणाला तोंडच दाखवत नाही. सगळे म्हणतात, असलं भित्रं मांजर घेऊन काय करायचं? पुढचे लोक आले की मी सांगू का, की ते खूप लाडकं आहे आणि मांडीवर झोपतं? थोडं खोटं बोललं तर चालेल ना? चांगल्या कामासाठीच आहे.’

नाही गं बाई, चालणार नाही. आणि हे मी फळ्यावरचा सुविचार म्हणून सांगत नाहीये. आम्ही अगदी हेच खोटं बोललो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची. शिक्षा आम्हाला नाही झाली, मांजराला झाली. ती सगळी गोष्ट आज सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. मुंबईत पाऊस असा लागला होता, की आमच्या इमारतीच्या खालच्या पायरीला पाणी टेकलं होतं. माझी भाची याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तेव्हा ती सातवीत होती. शाळा लवकर सुटून घरी आली, तर जिन्याखालच्या विजेच्या मीटरांमागून बारीक, चिरका आवाज येत होता. तिने एक शहाणपणा केला. हात घातला नाही. वॉचमनकाकांना हाक मारली, त्यांनी मला बोलावलं. खालची वीज बंद केली, जाड टॉवेल टाकला आणि टॉवेलासकट एक ओलं गाठोडं बाहेर काढलं.

गाठोड्यातून निघालं चार-पाच महिन्यांचं मांजर. काळा, पिवळा, पांढरा, असे तीन रंग, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडावेत तसे. “मावशी, ही तर गोधडी!” भाची म्हणाली. झालं, तेच नाव पडलं. (असं तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, बरं का. बोका क्वचितच.)

भाचीच्या धाकट्या भावाला दमा आहे, म्हणून गोधडी त्यांच्याकडे राहू शकत नव्हती. माझ्याकडे आधीच एक बोकोबा आहेत, वय वर्षे बारा, स्वभाव जमदग्नीचा. दुसरं मांजर दिसलं की घर डोक्यावर घेतात. म्हणून ठरलं असं, की मागची छोटी खोली तात्पुरती गोधडीची, दार कायम बंद, आणि आपण तिच्यासाठी चांगलं घर शोधायचं.

“सोप्पंय,” भाची म्हणाली, “इतकी सुंदर आहे, कुणीही नेईल.”

पहिले अकरा दिवस आम्हाला गोधडीची फक्त शेपटी दिसली. तीसुद्धा कपाटाखाली सरकताना.

आम्ही ठेवलेलं जेवण रात्री संपायचं. वाळूच्या भांड्यात सकाळी खड्डा केलेला दिसायचा. म्हणजे मांजर होतं, पण नसल्यासारखं. भाचीचा जीव कासावीस. “आपण हिला वाचवलं, आणि ही आपल्यालाच घाबरते! कृतघ्न आहे का ही?”

कृतघ्न नाही. इथे थोडं शास्त्र सांगते. मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जग ओळखायला शिकतं. त्या दिवसांत माणसांचे हात, आवाज, वास हे सगळं सवयीचं झालं, तर मोठेपणी माणूस म्हणजे दोस्त. त्या दिवसांत माणूस भेटलाच नाही, किंवा भेटला तो दगड मारणारा भेटला, तर माणूस म्हणजे धोका. गोधडीचे ते आठवडे कुठे गेले कुणास ठाऊक. बहुतेक गल्लीत, गाड्यांच्या खाली. आता तिला नव्याने शिकायचं होतं, आणि उशिरा शिकायला वेळ लागतो. आपल्याला पोहायला भीती वाटते तेव्हा कुणी पाण्यात ढकललं तर आवडतं का? मग तिला कपाटाखालून ओढून काढून ‘बघ, मी किती चांगली आहे’ म्हणून कुरवाळण्यात काय अर्थ?

तेव्हा आम्ही पहिलं काम केलं ते लपायला चांगली जागा देण्याचं. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, आत जुना पंचा घातला, तोंड भिंतीकडे तिरकं. काहींना वाटतं, लपायला जागा दिली तर मांजर बाहेर येणारच नाही. उलट असतं. २०१४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एका प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचं निरीक्षण केलं. दहांना लपायचं खोकं दिलं, नऊंना नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ शांत झाली, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. ‘हवं तेव्हा लपता येईल’ एवढी खात्री असली, की बाहेर डोकावायचा धीर येतो.

दुसरं काम भाचीने केलं. रोज संध्याकाळी ती त्या खोलीत फरशीवर बसायची, मांजराकडे पाठ करून, आणि इतिहासाचं पुस्तक हळू आवाजात वाचायची. बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही, टक लावून बघायचं तर मुळीच नाही. मांजरांच्या जगात टक लावून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले त्या दिवशी गोधडीचं नाक खोक्याबाहेर आलं. पेशवाई येईपर्यंत दोन पंजे.

आणि मग डोळ्यांचा खेळ. मांजर आपल्याकडे बघत असताना आपण डोळे अर्धवट मिटायचे, क्षणभर पूर्ण मिटायचे, सावकाश उघडायचे आणि नजर बाजूला न्यायची. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी हे करून पाहिलं. माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही बरेचदा तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळही जास्त येतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे म्हणतात, मांजर डोळे मिटून दूध पितं. दुधाचं सोडा, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, जुलाब होतात. पण जे मांजर तुमच्यासमोर निवांत डोळे मिटतं, त्याचा तुमच्यावर थोडा तरी विश्वास आहे, हे नक्की.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी गोधडीने खोक्यातून भाचीकडे बघून डोळे मिटले आणि सावकाश उघडले. भाची धावत माझ्याकडे आली. बोलता येईना तिला.

आणि इथेच आमची चूक झाली.

आम्हाला घाई झाली. गणपती अगदी तोंडावर आले होते. माझ्याकडे पाहुणे येणार होते, खोली लागणार होती. भाचीने गोधडीचा एक सुंदर फोटो काढला आणि ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप-गटावर मजकूर टाकला : ‘गोड, खेळकर, लाडाची मनी. मुलांमध्ये छान रमते.’ मी तो वाचला होता, बरं का. ‘थोडं वाढवून लिहिलंस,’ एवढंच म्हणाले आणि हसले. म्हणजे खोट्यात माझी अर्धी भागीदारी.

दुसऱ्याच दिवशी एक कुटुंब आलं. चांगली माणसं. दोन लहान मुलं, धाकटीचा वाढदिवस. गोधडीला टोपलीत घातलं आणि नेलं. चौथ्या दिवशी ती परत आली. बाजाराच्या पिशवीत, वर सुतळी बांधलेली.

त्यांच्याकडे गणपती बसला होता. दिवसभर पाहुणे, आरत्या, टाळ, रस्त्यावर ढोल. माणसाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६० हजारांच्या पुढचाही येतो. त्या कानांना झांजा कशा लागल्या असतील, विचार करा. गोधडी फ्रिजच्या मागे जाऊन बसली. मुलांना तिच्याशी खेळायचं होतं. खेळकर आहे असं आम्हीच तर सांगितलं होतं! मोठ्याने हात घालून तिला ओढलं. तिने ओरबाडलं. रक्त आलं. त्या मुलाला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याची आई मला म्हणाली, “मावशी, आम्हाला खरं सांगितलं असतं तर आम्ही हिला नेलंच नसतं हो.”

त्या बाईंचं चुकलं होतं का? माझ्या मते नाही. गोधडीचं चुकलं होतं का? तिने तर भ्यालेलं मांजर जे करतं तेच केलं. चुकलं होतं आमचं.

पिशवी सोडली. गोधडी कपाटाखाली गेली. सगळं पहिल्यापासून. नाही, पहिल्याहूनही मागे. तीन दिवस तिने काही खाल्लं नाही. डॉक्टर येऊन गेले. चौथ्या रात्री बशीतला उकडलेला मासा थोडासा संपला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. भाची मात्र खोलीत यायलाच तयार नाही. “माझं तोंड बघायची तिला इच्छा नसेल,” म्हणाली.

तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, “अगं, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. होईल हिचंही कुठेतरी आठवं.”

सात घरं हे तुम्हीही ऐकलं असेल. मोजून सात नसतात ती, पण मांजरी पिल्लांना मानगुटीला धरून खरोखरच जागा बदलत हिंडते. का? जागेला वास येऊ लागला, माणसांची वर्दळ वाढली, एखादा परका बोका घिरट्या घालू लागला, की ती उठते. ‘इथे पिल्लू सुरक्षित आहे का?’ एवढा एकच प्रश्न तिच्यापुढे असतो. मी भाचीला म्हटलं, “आपण काय शोधत होतो? गोधडी कुणाला आवडेल ते. मांजरी काय शोधते? पिल्लाला जागा सोसेल का ते. आता आपण मांजरीसारखं शोधायचं.”

मग ती खोलीत आली. फरशीवर बसली. इतिहास संपला होता, भूगोल काढला.

सप्टेंबरात गोधडीला परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात नेलं. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं हे रुग्णालय. नाव लांबलचक आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पण मुंबईकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’च म्हणतात! तिथे लसीकरण झालं, जंतांचं औषध झालं आणि पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियाही झाली. हे आवश्यकच असतं. मांजरीला पाचव्या-सहाव्या महिन्यातच पिल्लं राहू शकतात आणि नऊ आठवड्यांत होतातही. एका मांजरीला घर शोधताना आपली ही दशा, तिच्या चार पिल्लांना कुठून आणणार?

भाचीने नवा मजकूर लिहिला. या वेळी मी एक अक्षर बदललं नाही. तसाच्या तसा देते :

‘नाव गोधडी. वय सात महिने. लस आणि शस्त्रक्रिया झाली आहे. गोधडी भित्री आहे. ती तुमच्या मांडीवर बसणार नाही. कदाचित कधीच बसणार नाही. पहिले काही आठवडे ती तुम्हाला दिसणारही नाही. लहान मुलं, कुत्रे आणि मोठे आवाज तिला चालत नाहीत. तिला मासा आवडतो. वाळूचं भांडं ती नीट वापरते. तिच्याकडे न बघता तिच्याजवळ बसणारं माणूस तिला आवडतं. एकदा तिने डोळे मिटून दाखवले की खूप छान वाटतं. घाई नाही. योग्य घर मिळेपर्यंत ती आमच्याकडेच राहील.’

तीन आठवडे कुणाचा फोन नाही. मग एक आला, तो गोदामातल्या उंदरांसाठी. नको म्हटलं. दुसऱ्यांना मांजर हवं होतं, पण घरात मासा-मटण चालणार नव्हतं. दूध-पोळीवर राहील ना, म्हणाले. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं, डाळीभातातून मिळत नाही. त्यांनाही हात जोडले. भाची म्हणाली, “मावशी, खरं लिहिलं म्हणून कुणीच येत नाहीये.” मी म्हटलं, “अगं, चुकीचे येत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ.” मनातून मात्र मलाही धाकधूक होतीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करतात. एकट्याच असतात. त्यांचं आधीचं मांजर म्हातारं होऊन गेलं होतं. गोधडी दिसते कशी, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “ती लपते कुठे? उंचावर की खाली? कोणत्या आवाजाला दचकते? कोणत्या वेळी जेवते?”

भाचीने फोन कानावरून काढला आणि माझ्याकडे बघून कुजबुजली, “मावशी, आठवं.”

तरी आम्ही लगेच होकार दिला नाही. एकदा फसलो होतो ना! मी आणि भाची रविवारी त्यांचं घर बघायला गेलो. मुलीकडचे स्थळ बघायला जातात तशा. दुसऱ्या मजल्यावरचं घर, सगळ्या खिडक्यांना जाळी. (ही जाळी फार महत्त्वाची. मांजर कसंही पडलं तरी पायांवर पडतं आणि वाचतं, हा गैरसमज आहे. उंचावरून पडून मांजरं जायबंदी होतात, दगावतात.) फुलदाणीत लिली नाही ना, तेही पाहिलं. लिलीचं फूल, पान, परागसुद्धा मांजराला जीवघेणे असतात. टेबलावर कागदांचा ढीग, भिंतीवर घड्याळाची टिकटिक, बाकी शांतता. आणि त्या बाई तासन् तास एका जागी बसून कागदात डोळे घालून काम करतात. म्हणजे गोधडीकडे न बघता बसणारं माणूस! आयतंच!

पण खरी अडचण पुढेच होती. परतताना लोकलमध्ये भाची खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. घाटकोपर आलं तेव्हा म्हणाली, “आता कुठे ती मला ओळखायला लागलीय. आणि आता द्यायची?”

या प्रश्नाला गोड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “हो. तू तिला काय शिकवलंस ते बघ. सगळी माणसं वाईट नसतात, हे तिला तुझ्यामुळे कळलं. ते ती बरोबर घेऊन जाईल. दुसऱ्या माणसावर विश्वास ठेवायला तिला आता कमी वेळ लागेल.” ती काही बोलली नाही. पण घरी आल्यावर तिने आपला एक जुना फ्रॉक आणून गोधडीच्या खोक्यात घातला. तोच फ्रॉक मग टोपलीत घालून दिला. ओळखीचा वास सोबत असला की नवी जागा थोडी कमी परकी वाटते.

गोधडी ठाण्याला गेली. गोष्ट इथे थोडी थांबवते, कारण सांगलीची मैत्रीण वाट बघतेय. बाई गं, तुझ्यासाठी आमच्या अनुभवाची ही पुरचुंडी :

१. आधी आईशी बोल. मासळीबाजारात सोडलं की मांजराची सोय लागते, हा भ्रम आहे. तिथल्या मांजरांच्या हद्दी ठरलेल्या असतात, नव्या भित्र्या मांजराला ती टिकू देत नाहीत. शिवाय उपासमार होईल अशा रीतीने पाळीव प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. नागरिकशास्त्रात मूलभूत कर्तव्यं शिकलीस ना? प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे त्यातलंच एक आहे. मात्र हे सगळं भांडणाच्या सुरात नको. ‘आई, दिवाळीपुरती मुदत वाढव, मी रोजचं सगळं काम करीन’ असं म्हण, आणि ते खरंच कर.

२. भ्यालेल्या मांजराला उघड्या हाताने पकडू नकोस. ओरबाडलं किंवा चावलं, तर लपवू नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धू आणि त्याच दिवशी मोठ्यांबरोबर डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो.

३. मोठ्यांना बरोबर घेऊन त्याला गुरांच्या डॉक्टरांना दाखव. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. घरातली माणसांची औषधं मात्र देऊ नकोस. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

४. बघायला येणाऱ्यांची जत्रा भरवू नकोस. एका वेळी एकच माणूस येऊ दे. त्याला सांग, खाली बसा, गप्प बसा, मांजराकडे बघू नका. दहा मिनिटं जो बसेल, तो कामाचा. ज्याला दोन मिनिटांत कंटाळा येईल, त्याचा निकाल तिथेच लागला.

५. प्रश्न तू विचार. घरात किती जण? लहान मुलं, कुत्रा? खिडक्यांना जाळी? मासे-मांस चालतं? गावाला गेलात तर कोण बघणार? घरमालकाची हरकत नाही ना? आणि शेवटचा प्रश्न : नाहीच जमलं तर मलाच परत द्याल ना? दुसरीकडे सोडणार नाही ना? घर बघायला जाताना मोठं माणूस बरोबर हवंच.

६. सणाच्या तोंडावर देऊ नकोस. गणपतीने आम्हाला धडा शिकवला, तुझ्या वाटेत दिवाळीचे फटाके आहेत. दिवाळी होऊ दे. फटाक्यांच्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, खोक्यासकट ठेव.

७. आणि खरं सांग. ‘भित्रं आहे’ हे सांगायला लाजू नकोस. जगात जशी बडबडी माणसं असतात तशी अबोल माणसंही असतात, आणि त्यांना मांडीवर उड्या मारणारं मांजर नकोच असतं. तू खोटं लिहिलंस तर ती माणसं तुझ्यापर्यंत पोचणार कशी?

आता गोधडीचं राहिलेलं.

पहिल्या महिन्यात ठाण्याहून रोज एकच निरोप यायचा : ‘बशी रिकामी. मांजर अदृश्य.’ दुसऱ्या महिन्यात फोटो आला. टेबलावर मुद्रितांचा ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे दोन कान. डिसेंबरात भाचीला राहवेना, म्हणून आम्ही दोघी भेटायला गेलो. भाचीने मासा नेला होता, रस्ताभर तिची बडबड चालू होती. ‘ओळखेल ना? नक्की ओळखेल.’

दार उघडलं. गोधडी खोलीच्या मधोमध बसली होती, चांगली भरलेली, अंगावर तकाकी. आम्हाला बघताच ती ताडकन उठली आणि पळाली. भाचीचा चेहरा पडला.

पण मग आम्ही पाहिलं, ती पळाली कुठे ते. जवळच कपाट होतं, पलंग होता, तिचं खोकंही होतं. तिथे नाही गेली ती. त्या बाई टेबलाशी उभ्या होत्या. गोधडी त्यांच्या पायांमागे जाऊन लपली. आणि तिथून, साडीच्या घोळाआडून, आमच्याकडे बघत राहिली.

भाची हळूच खाली बसली. तिरकी, पाठ अर्धी वळवून. मग तिने गोधडीकडे पाहिलं आणि सावकाश डोळे मिटले.

उत्तर आलं की नाही, ते मला दिसलं नाही. भाची म्हणते, आलं.

या आठवड्याचा उद्योग : तुमच्या गल्लीतलं, वाड्यातलं, चाळीतलं एक मांजर निवडा. लांबूनच, हात न लावता, रोज दहा मिनिटं त्याचं निरीक्षण करा. कुठे बसतं, कशाला दचकतं, कुणाजवळ जातं, ते वहीत लिहा. आठवडा झाला की त्याच्याबद्दल दहा ओळी मला लिहून पाठवा. अट एकच : ‘गोड’ आणि ‘क्यूट’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. जे दिसलं तेच लिहायचं. भेटू पुढच्या अंकात.

तुमची,
मावशी
(वाघाचीसुद्धा!)